भूक दाबली की मनाचं काय होतं?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय आता दवाखान्यातून निघून लग्नाच्या पंगतीत आणि भिशीच्या गप्पांत येऊन बसला आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावानं भारतात आलं, पाठोपाठ जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं ‘वेगोव्ही’ आलं. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, म्हणजे स्वस्त देशी औषधांचाही रस्ता मोकळा. लोकांचे प्रश्न ठरलेले असतात: केवढ्याला पडतं, किती किलो उतरतात, मळमळतं का? यांच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न मात्र क्वचितच कानावर येतो. हे औषध माझ्या मनाचं काय करणार? झोप, चिडचिड, कामातलं लक्ष, खाण्यातली मजा यांचं काय होणार?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला नव्वद वर्षांचा इतिहास आहे आणि तो फारसा चांगला नाही. भूक दाबण्यासाठी आलेली कितीतरी औषधं नंतर बाजारातून काढून घ्यावी लागली. काहींनी हृदय बिघडवलं, काहींनी मन. मन का बिघडावं हे कळायला भूक लागते कुठे, इथपासून सुरुवात करावी लागते.

पोटात कावळे ओरडले तरी जेवायचं की नाही हे ठरतं मेंदूत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्यात पेशींचा एक गट ‘खा’ म्हणतो आणि दुसरा ‘पुरे’ म्हणतो. जठर रिकामं झालं की ग्रेलिन हे संप्रेरक ‘खा’वाल्यांना चेतवतं. अंगातली चरबी लेप्टिन पाठवून शिल्लक किती आहे ते कळवते. जेवण आतड्यात पोहोचलं की तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक सुटतं आणि ‘पुरे’चा जोर वाढतो.

हा झाला गरजेचा हिशेब. पण पोट तुडुंब भरलेलं असताना गुलाबजाम दिसला की हात पुढे जातोच. तिथे मेंदूतला सुखाचा मार्ग काम करत असतो, आणि त्याचं मुख्य रसायन डोपामिन. तिसरा भाग कपाळामागचा. ‘साखर वाढलीय, नको’ असं म्हणून हात मागे घेणारा तो.

या तिन्ही भागांचा आपापसातला कारभार नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन आणि शरीरात तयार होणारी गांजासदृश रसायनं यांच्यावर चालतो. अडचण अशी की याच रसायनांवर जागेपण, उमेद, भीती, दुःख आणि एकाग्रताही चालते. गावात एकाच डीपीवरून शाळेला वीज जाते, दवाखान्याला जाते आणि विहिरीवरच्या मोटारीलाही जाते. मोटार बंद करायला कुणी डीपीच पाडली तर शाळेत अंधार होणारच.

याचा पुरावा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समोर आहे. तंबाखूचा बार भरला की भूक मरते हे ऊसतोडीवर किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. सकाळी मिश्री लावून चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनाही ते ठाऊक असतं. निकोटिन हायपोथॅलॅमसमधल्या ‘पुरे’वाल्या पेशींना चेतवतं; येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांवर ते दाखवून दिलं. त्याच निकोटिननं तरतरीही येते. आता तंबाखू सोडणाऱ्याकडे बघा. भूक वाढते, वजन वाढतं, माणूस चिडका होतो आणि कामात लक्ष लागत नाही. हे सगळं एकदम सुरू होतं, कारण ते सगळं त्या एकाच पदार्थानं धरून ठेवलेलं होतं.

पहिली मोठी गोळी: तरतरी आणि तिची किंमत

अॅम्फेटामिन प्रयोगशाळेत बनलं १८८७ मध्ये, पण त्याचं काय करायचं हे पुढची चाळीसेक वर्षं कुणालाच कळलं नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते ‘बेन्झेड्रिन’ नावानं विकायला आलं, आधी चोंदलेल्या नाकासाठी आणि मग अवेळी झोप येण्याच्या आजारासाठी. घेणाऱ्यांची भूक मेल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि दशक संपायच्या आत ते वजन कमी करायला दिलं जाऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना हीच गोळी मिळत होती. जर्मन सैन्य तिचीच जवळची बहीण, मेथअॅम्फेटामिन, ‘पर्विटिन’ या नावानं घेत होतं.

ही गोळी नॉरअॅड्रेनॅलिन आणि डोपामिन मोठ्या प्रमाणात मोकळं करते. वाघ समोर आल्यावर शरीर जसं होतं तसं ते गोळीनं होतं: छाती धडधडते, डोळे टक्क उघडे, आणि जेवणाचं नावही नको. सुरुवातीचे आठवडे छान जातात. वजन उतरतं, हातून कामं उरकतात, मन उंच असतं. मग शरीर सरावतं. भूक परत येऊ लागते, म्हणून डोस वाढतो. झोप उडते. डोस उतरला की मन आपटतं, आणि ते सावरायला पुन्हा गोळी लागते. जास्त डोस घेणाऱ्यांमध्ये संशय, भास, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटणं इथपर्यंत गोष्ट जाते. युद्धानंतर जपानमध्ये या व्यसनाची एवढी मोठी लाट आली की १९५१ मध्ये त्यांना स्वतंत्र कायदा करावा लागला. अमेरिकेनं १९७१ मध्ये अॅम्फेटामिनवर कडक निर्बंध घातले.

तरीही एक समजूत टिकून आहे: या गोळ्यांनी डोकं तल्लख होतं. परीक्षेच्या दिवसांत कुठल्यातरी मित्रानं देऊ केलेली ‘जागरणाची गोळी’ याच समजुतीवर खपते. ज्यांना खरोखर एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न ठरण्याचा त्रास आहे त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा औषधांचा चांगला फायदा होतो, यात शंका नाही. निरोगी माणसाचं चित्र वेगळं आहे. अमेरिकेत ४६ निरोगी तरुणांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अॅम्फेटामिननं त्यांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ‘आज माझं डोकं जास्त चाललं’ असं मात्र त्यांना वाटत होतं.

त्याहून बोलका प्रयोग २०२३ चा, मेलबर्न आणि केंब्रिज इथल्या संशोधकांचा. ४० निरोगी तरुणांना संगणकावर एक कोडं दिलं. पिशवीत ठरावीक वजनच मावतं. वेगवेगळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तूंतून अशा निवडा की पिशवीतल्या मालाची एकूण किंमत जास्तीत जास्त होईल. एकदा बिनऔषधाची गोळी, एकदा मिथाइलफेनिडेट, एकदा मोडाफिनिल, एकदा डेक्स्ट्रोअॅम्फेटामिन; तिन्ही तरतरी आणणारी औषधं. औषध घेतल्यावर तरुण जास्त वेळ बसले, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, पण त्यांच्या निवडी जास्त विस्कळीत होत्या आणि उत्तरांचा दर्जा घसरला. ज्यांची कामगिरी मुळात सरासरीपेक्षा चांगली होती, तीच मुलं औषधानंतर बऱ्याचदा सरासरीच्या खाली गेली. धडपड वाढते आणि धडपड म्हणजेच हुशारी असं आतून वाटत राहतं. घेणाऱ्याला स्वतःची घसरण कळतच नाही, हे मला यातलं सर्वांत काळजीचं वाटतं.

पुढच्या काळातल्या दोन औषधांबद्दल थोडक्यात. फेनफ्लुरामिन सेरोटोनिन वाढवायचं आणि झोप आणायचं, तर फेंटरमिन तरतरी आणायचं. दोन्ही एकत्र दिली की एकाची सुस्ती दुसरं भरून काढेल या हिशेबानं अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘फेन-फेन’चं पेव फुटलं. जुलै १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयानं हृदयाच्या झडपा बिघडलेल्या २४ बायकांची नोंद जाहीर केली आणि सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं. मनाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सत्तरीच्या दशकापासून माहीत होती: फेनफ्लुरामिन एकदम थांबवलं की काही जण उदासीत जात. दुसरं औषध सिब्युट्रामिन. ते मुळात नैराश्यावर म्हणून तपासलं जात होतं. नैराश्य हटेना, वजन मात्र उतरलं, म्हणून ते लठ्ठपणावर वळवलं गेलं. त्यानं रक्तदाब आणि हृदयाचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून आणि २०११ मध्ये भारतातून हटवलं गेलं. त्याच्याकडे शेवटी पुन्हा यायचं आहे.

रिमोनाबँट: सुखाचाच नळ बंद केला तेव्हा

माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत शिकवणारं औषध हे आहे.

महाशिवरात्रीला भांग प्यायलेला माणूस मध्यरात्री स्वयंपाकघरात डबे धुंडाळताना आपण पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. भांगेतलं रसायन मेंदूतल्या सीबी-१ या ग्राहकांना, म्हणजे रसायनं पकडणाऱ्या पेशींवरच्या जागांना, चिकटतं. त्यानं भूक खवळते, चव वाढते, उगीच हसू येतं. शरीर स्वतःही तशीच रसायनं थोड्या प्रमाणात बनवत असतं आणि खाण्याची गोडी त्यांच्यामुळेच टिकते. फ्रान्सच्या सनोफी कंपनीच्या संशोधकांनी विचार केला की हे ग्राहकच अडवून ठेवले तर? तर्क अगदी सरळ होता. रिमोनाबँटनं वर्षभरात बिनऔषधाच्या गोळीपेक्षा साधारण पावणेपाच किलो जास्त वजन उतरलं, कंबर आणि रक्तातली चरबीही सुधारली. जून २००६ मध्ये युरोपनं त्याला मान्यता दिली.

पण सीबी-१ ग्राहक खाण्यापुरते नसतात. भीती शमवणं, वाईट आठवणीची धार बोथट करणं, दिवसातल्या छोट्या-छोट्या गोष्टींत बरं वाटणं, हे सगळं त्यांच्यावर चालतं. ते अडले आणि लोक खिन्न होऊ लागले. चार हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं की रिमोनाबँट घेणाऱ्यांमध्ये उदासीमुळे औषध सोडून देण्याचं प्रमाण अडीच पट होतं. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं जून २००७ मध्ये १४ विरुद्ध ० मतांनी नकार दिला. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी मानसिक त्रासाचा धोका जवळपास दुप्पट असल्याचं सांगून विक्री थांबवण्याची शिफारस केली. हृदयरोगासाठी चाललेली सुमारे १८ हजार ७०० रुग्णांची मोठी चाचणी मध्येच बंद पडली. त्यात औषध घेणाऱ्यांपैकी चौघांनी आणि बिनऔषधाच्या गटातल्या एकानं आत्महत्या केली होती.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात लपलेली आहे. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये गंभीर नैराश्य असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे ज्यांच्यावर औषध तपासलं ती माणसं मनानं त्यातल्या त्यात धडधाकट, आणि बाजारात आल्यावर ते घेणार होती ती माणसं वेगळी. वजनाच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं टोमणे ऐकलेल्या, झोप बिघडलेल्या, गुडघ्यांनी त्रस्त माणसांमध्ये उदासी सर्रास असते. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

शब्द हरवणारी गोळी

मनःस्थिती ठीक राहूनही बुद्धीच्या कामाला धक्का लागू शकतो, याचं उदाहरण टोपिरामेट. आपल्याकडे ही गोळी मायग्रेन आणि फिट्ससाठी सर्रास दिली जाते. तिनं भूक कमी होते आणि वजन उतरतं. अमेरिकेत २०१२ पासून ती फेंटरमिनबरोबर लठ्ठपणासाठी मान्य आहे. घेणाऱ्यांपैकी काहींना बोलताना शब्द सापडत नाहीत. शिक्षक फळ्यासमोर उभा आहे, दोन रेषा काढून झाल्यात, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्यानं खडू टेकवलाय, आणि ‘छेदनबिंदू’ हा शब्द काही केल्या जिभेवर येत नाही. वीस वर्षं शिकवलेला शब्द. मुलं वाट बघतात, तो ‘हा इथला... हा ठिपका’ म्हणून वेळ मारून नेतो. हातापायांना मुंग्या येतात आणि सोडा प्यायला तर त्यातली झणझण गेलेली असते. डोस जास्त असेल किंवा भराभर वाढवला तर हा त्रास जास्त होतो, आणि औषध थांबवलं की सहसा जातो. पण गोळीमुळे होतंय हे माहीत नसेल तर तो शिक्षक रात्री झोपताना स्वतःला स्मृतिभ्रंश झाला की काय, या धास्तीत असतो. अशा धास्तीतून माणसाला वाचवणं डॉक्टरांना एका वाक्यात जमतं, आणि ते वाक्य औषधाची चिठ्ठी लिहितानाच बोललं गेलं पाहिजे.

आताची इंजेक्शनं

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड या औषधांचा मार्ग आधीच्यांपेक्षा खरोखरच वेगळा आहे. आतड्यातून सुटणारं नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं होतं. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल, फक्त निम्मं व्हायला सुमारे आठवडा घेणारी. म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच. टिर्झेपेटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचीही नक्कल करतं. जठर हळू रिकामं होतं हा एक भाग, पण मुख्य काम मेंदूच्या देठात आणि हायपोथॅलॅमसमध्ये होतं. उंदरांवरच्या अभ्यासात सेमाग्लुटाइड सबंध मेंदूभर पसरलेलं दिसलं नाही. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा जिथे विरळ असतो अशा मोजक्या जागांपर्यंतच ते पोहोचलं. ओकारीचं केंद्रही अशाच जागी असतं, म्हणून मळमळ ही यांची ठरलेली तक्रार. सीबी-१ ग्राहक सगळीकडे एकदम अडवण्यापेक्षा हा मार्ग मनासाठी सौम्य का, याचा अंदाज यावरून येतो.

परिणाम मोठा आहे. १,९६१ जणांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडनं सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, बिनऔषधाच्या गटात २.४ टक्के. टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसनं ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. दुसऱ्या एका प्रयोगात समोर हवं तेवढं जेवण ठेवलं, तेव्हा सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांनी ३५ टक्के कमी खाल्लं.

पण खाणं कमी होणं म्हणजे आतून काय होतं, ते माझ्या नात्यातल्या एका काकूंनी मला फार नेमकं सांगितलं. मधुमेहासाठी त्यांना हे इंजेक्शन सुरू झालंय. ‘आधी भाजी चिरताना, टीव्ही बघताना, फोनवर बोलतानासुद्धा डोक्यात कुठंतरी फडताळातला डबा असायचा. आता डबा आहे तिथंच आहे. यंदा पहिल्यांदा घरातला चिवडा सादळला.’ चिवड्याची चव बदलली का, असं मी विचारलं. चव तीच आहे, म्हणाल्या, पण एक घास खाल्ला की विषय संपतो. मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘पण पाऊस पडला की आम्ही दोघं गॅलरीत भजी घेऊन बसायचो. आता हे एकटेच खातात आणि मी बघत बसते. त्या वेळाचं काय करायचं ते अजून कळलं नाही.’

काकूंना नैराश्य आलेलं नाही. त्या खुशीत आहेत, जिना चढताना धाप लागत नाही. तरी एक जागा रिकामी झाली आहे आणि ती त्यांना जाणवते. आपल्याकडे प्रेम आग्रहानं वाढलं जातं, भांडण चहावर मिटतं, सण पक्वान्नावरून ओळखला जातो. तिथे भूक गेलेला माणूस नुसतं जेवण गमावत नाही, घरातली एक भाषाही थोडी गमावतो. ‘घे गं, एवढ्याशानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांना हे कळलं, तर तिचं पान भरण्याऐवजी ते तिच्याशेजारी येऊन बसतील.

आता मोठा प्रश्न, नैराश्याचा. २०२३ मध्ये युरोपात आत्महत्येच्या विचारांच्या काही तक्रारी आल्या आणि चौकशी झाली. एप्रिल २०२४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांच्या सुरक्षा समितीनं सांगितलं की या औषधांमुळे असे विचार येतात असं उपलब्ध पुराव्यातून दिसत नाही. अमेरिकेतल्या लाखो रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२४ च्या अभ्यासात तर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये हे विचार इतर औषधं घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. ही दिलासा देणारी माहिती आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. पण रिमोनाबँटची गोष्ट इथे आठवावी: सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचण्यांतूनही अलीकडे गंभीर नैराश्य येऊन गेलेल्यांना वगळलं होतं. ज्याला असा त्रास झालेला आहे, त्याच्यासाठी सरासरीचा दिलासा पुरेसा नाही. त्याला स्वतःवर लक्ष ठेवणारा डॉक्टर हवा.

सुखाच्या मार्गावर या औषधांचा हात पोहोचतो, असंही दिसू लागलं आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ जणांच्या छोट्या चाचणीत दारूचं व्यसन असलेल्यांनी कमी डोसच्या सेमाग्लुटाइडवर दर बैठकीला कमी दारू प्यायली आणि तिची ओढही कमी झाली. दारूची ओढ कमी होणं चांगलंच. काही जणांना मात्र सगळ्याच गोष्टींची गोडी थोडी उतरल्यासारखी वाटते. ते जाणवलं तर ‘वजन तर उतरतंय ना’ म्हणून झटकून न टाकता डॉक्टरांना सांगावं. डोस कमी करता येतो.

बुद्धीबद्दलच्या आशा मात्र फार पुढे धावल्या होत्या. जीएलपी-१ औषधांनी अल्झायमर रोखला जाईल, अशी चर्चा काही वर्षं जोरात होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ३,८०८ रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल आला. सेमाग्लुटाइडच्या गोळीनं सुरुवातीच्या अवस्थेतला अल्झायमर मंदावला नाही. तेव्हा स्मरणशक्ती वाढेल म्हणून कुणी हे औषध विकत असेल तर त्याच्याकडून उठून यावं.

उपाशी मन

खाणं एकदम कमी झालं की मनाला काय होतं, याचा सर्वांत सविस्तर अभ्यास औषधाविना झालेला आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना त्यांच्या संमतीनं २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमारीतल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. तरुणांचं वजन सुमारे पाव हिश्श्यानं घटलं. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, माणसं टाळू लागले. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे आणि एकेक जेवण तासभर पुरवायचे. लक्ष लागत नाही, डोकं चालत नाही अशी सगळ्यांची तक्रार होती. बुद्धीच्या चाचण्यांमध्ये मात्र घसरण दिसली नाही. बुद्धी शाबूत होती, तिच्यावर अन्नाचा विचार बसला होता.

आताच्या इंजेक्शनांचं वेगळेपण इथे दिसतं. त्या तरुणांना कमी मिळत होतं आणि भूक भडकलेली होती. काकू कमी खातात आणि अन्नाचा विचारही शांत असतो. म्हणून नुसत्या कडक डाएटवरच्या माणसासारखी चिडचिड त्यांना होत नाही. पण भूक शांत असली तरी शरीराची गरज तेवढीच राहते, आणि ती मागणारा आवाज बंद झालेला असतो. इंजेक्शनवरच्या माणसाला दुपारी चारला चक्कर आली की मग आठवतं, अरे, सकाळपासून चहावरच आहोत.

इथे आपल्याकडचे काही खास धोके आहेत. मधुमेहाच्या कितीतरी रुग्णांना ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असते. त्यात हे इंजेक्शन आणि त्यात जेवण अर्धं, म्हणजे साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ, विनाकारण संताप ही तिची लक्षणं, आणि घरच्यांना वाटतं माणूस तिरसट झाला. इंजेक्शन सुरू करतानाच त्या गोळीचा डोस पुन्हा ठरवून घ्यायला हवा. दुसरं ब-१२. शाकाहारात ते मुळात कमी, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतल्यानं आणखी कमी, आणि आता दूध-दहीही निम्म्यावर. ब-१२ घटलं की विसराळूपणा, उदासी, पायांना मुंग्या येतात, आणि दोष विनाकारण इंजेक्शनवर जातो किंवा वयावर. साध्या रक्त तपासणीत ते कळतं. तिसरं स्नायूंचं. उतरलेल्या वजनातला पाव ते चाळीस टक्के भाग चरबीचा नसतो, त्यात स्नायूही असतात. ताटात जागा कमी असेल तर आधी अंडं, मासा, उसळ, पनीर आणि मग भात, हा क्रम पाळावा. सतत उलट्या होत असतील तर वाट बघू नये. ब-१ जीवनसत्त्व संपलं तर गोंधळ आणि तोल जाणं इथपर्यंत मजल जाते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

औषध थांबवल्यावरचंही मनाला आधी सांगून ठेवावं लागतं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला, असं चाचणीत दिसलं. भूक परत येते, डोक्यातला डबाही परत येतो. त्या वेळी माणूस स्वतःला आळशी, कमकुवत म्हणत बसतो. तो कमकुवत नसतो. त्याच्या शरीराची जुनी यंत्रणा पुन्हा चालू झालेली असते, एवढंच. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला बोल लावत नाही, मग इथे का लावतो?

काही जणांनी ही औषधं मुळीच घेऊ नयेत. जिची जेवणाशी आधीच लढाई चालू आहे, जी अंगात मांस नसताना स्वतःला जाड समजते, अशा मुलीच्या हातात भूक मारणारं औषध पडणं फार धोक्याचं. ‘लग्नापुरतं चार किलो उतरवू’ म्हणून ओळखीच्या दुकानातून आणलेलं इंजेक्शन घरातल्या अशा मुलीपर्यंत सहज पोहोचतं.

आणि सिब्युट्रामिन. बंदी येऊन इतकी वर्षं झाली तरी ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’, ‘हर्बल’ अशा पाटीखाली विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या गोळ्या, कॉफी, चूर्ण यांत ते मिसळलेलं सापडत राहतं. जगभरच्या औषध प्रशासनांनी अशा इशाऱ्यांवर इशारे काढले आहेत. एखादी पावडर सुरू केल्यावर आठवड्यात भूक गायब, तोंड कोरडं, छातीत धडधड आणि झोप उडालेली, असं झालं तर ती पावडर थांबवून डबा घेऊन डॉक्टरांकडे जावं.

ज्यांना ही औषधं खरोखर लागणार आहेत, त्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्वतःच्या मनाचा इतिहास सांगावा: कधी नैराश्य आलं होतं का, गोळ्या चालू आहेत का, दारूचं प्रमाण किती, घरात कुणाला असा त्रास होता का. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावं. घरातल्या एका माणसालाही कल्पना द्यावी, कारण डोस वाढवल्यानंतरच्या आठवड्यांत आपला बदललेला स्वभाव आपल्याआधी त्याच्या लक्षात येतो. मन फारच खाली गेलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.